फ्रीजवर चालणारं गाव

माझ्या घरमालक काकांनी माझ्या खोलीतला फ्रीज उचलून नेला तेव्हा त्यात अर्धा लिटर दूध, आईनं सांगलीहून पाठवलेलं लोणी आणि आदल्या दिवशीची वांग्याची भाजी होती. मी ऑफिसातून दमून परत येते तर भाजी टेबलावर, लोण्याचा डबा पाण्याच्या परातीत आणि दूध तापवून ओट्यावर झाकून ठेवलेलं. फ्रीजच्या जागी फरशीवर नुसता धुळीचा चौकोन. भिंतीला चिठ्ठी चिकटवलेली: ‘फ्रीज कामासाठी नेला आहे. दूध काकूंनी तापवले.’ खाली सही, तारखेसकट. भाडेकरूच्या खोलीत शिरून वस्तू न्यायची आणि वर सही ठोकायची, असा प्रामाणिक चोर मी जन्मात पाहिला नव्हता.

खोली घेताना ‘फ्रीजसकट देतो’ असं त्यांनीच मला चार वेळा ऐकवलं होतं. फ्रीज लहानच होता, एका दाराचा, कमरेएवढा, पण मला एकटीला पुरे. माझं डोकं सणकलं. तरातरा जिना उतरून खाली गेले. काका हॉलमध्ये जमिनीवर फतकल मारून बसलेले. फ्रीजच्या आतल्या जाळ्या सोफ्यावर रचलेल्या, हातात ड्रिल मशीन आणि फ्रीजच्या बाजूला दोन भोकं पाडूनही झालेली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वर न बघता काकूंना हाक दिली, “पोरीला आदी गार पानी दे.”

हे त्यांचं ठरलेलं. कुणी भांडायला येवो, रडायला येवो की लग्नाची पत्रिका घेऊन येवो, आधी तांब्याभर गार पाणी. ते संपेपर्यंत काका समोरच्याचा एक शब्द कानात घेत नसत. “आदी थंड कर, मंग बोल” हे ते माणसाला आणि मशीनला एकाच सुरात सांगत. तांब्या रिकामा होईतो निम्मा राग उतरतो ही गोष्ट खरी आहे, आणि मला नेमकी त्याचीच चीड यायची. भांडायला म्हणून जावं आणि ढेकर देऊन परत यावं, याला काय अर्थ आहे?

काका तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. मासळीवाल्यांना लागतात त्या लाद्यांचा कारखाना. तो कधीच बंद पडला, पण काकांच्या डोक्यातला चालूच राहिला. जगात जे काही बिघडतं ते तापल्यामुळे बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. दिसेल त्या वस्तूला ते उलटा हात लावून बघत. मोबाइलचा चार्जर, मिक्सर, टीव्हीची पाठ, पाहुण्यांचं कपाळ. बँकेत गेले तर काउंटरवरून हात घालून कॅशियरच्या कॉम्प्युटरला हात लावायचे, आणि रखवालदार धावत यायचा. पनवेल स्टेशनबाहेर रिक्षात बसण्याआधी मागं जाऊन इंजिन तपासायचे. एकदा मी बरोबर असताना त्यांनी लागोपाठ तीन रिक्षा नापास केल्या. चौथा रिक्षावाला त्यांना ओळखत होता. त्यानं काकांना येताना पाहिलं आणि रिक्षा सुरू करून सरळ निघूनच गेला. मग आम्ही घरापर्यंत चालत आलो. भर मे महिना. माझं कपाळ तापलंय, हे काकांनी वाटेत दोनदा मला सांगितलं.

काकूंना कणकण आली तर त्या दोन-दोन दिवस लपवत. तापाचं नाव काढलं की काकांच्या चेहऱ्यावर जो उत्साह यायचा तो आपल्याला बघवत नाही, असं त्या म्हणायच्या. पाणीपट्ट्या, बर्फाची पिशवी, दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. काकू म्हणायच्या, ताप परवडला.

तर अशा माणसाचं गाव गेलं होतं. विमानतळाच्या जागेत त्यांचं अख्खं गाव उठलं आणि माणसं नवीन पनवेलच्या पलीकडे, नव्या वसाहतीत आली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, प्रत्येकाचा बंगला, वरच्या मजल्यावर माझ्यासारखी भाडेकरू. काकांच्या शेजारचा बंगला त्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांना सगळी वसाहत दादा म्हणायची, काकाही दादाच म्हणायचे, फक्त समोर म्हणायची सोय नव्हती. दोघा भावांचं बोलणं सात वर्षं बंद होतं.

बंद म्हणजे कसं, तर माझ्यामार्फत चालू होतं. दोन बंगल्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. दादा भिंतीपलीकडून मला गाठायचे. “मॅडम, तुमच्या मालकांना सांगा, टाकी भरून वाहतेय.” मालक तीन हातांवर उभे, त्याच टाकीच्या खाली, डोक्यावर पाणी पडतंय. मी म्हणायचं, काका, टाकी वाहतेय. काका मला म्हणायचे, सांग, बंद करतो. मी दादांना म्हणायचं, बंद करताहेत. पहिल्यांदा मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. नंतर सवय झाली. सकाळी ऑफिसला जायच्या घाईत मी दोन्ही बाजूंचे निरोप एका दमात सांगून टाकायची.

भांडणाचं कारण काकूंनी मला एकदा सुकट निवडता निवडता सांगितलं. जागा द्यायच्या संमतीवर सगळ्यांनी एकाच दिवशी, एकत्र जाऊन सह्या करायच्या, असं गावानं ठरवलं होतं. त्याआधीच्या बैठकीत दोघा भावांची कशावरून तरी जुंपली. दादा सगळ्या गावासमोर म्हणाले, बर्फ विकणाऱ्याला जमिनीतलं काय कळतंय. काका उठले, चपला घातल्या, रिक्षा केली आणि सरकारी ऑफिसात जाऊन गावातली पहिली सही करून आले. चार दिवस आधी, एकटे. पुढं सगळ्यांनीच सह्या केल्या, गाव ते विसरूनही गेलं, पण दादा विसरले नाहीत. “सगल्या जल्मात एकदाच तापला हा मानूस,” काकू म्हणाल्या, “तवापासून जगाला थंड करत फिरतोय.” आणि सुकटीतला कचरा फुंकून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मी पनवेलात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगचं काम करते. एका रविवारी काका तीन जाड वह्या घेऊन वर आले आणि म्हणाले, मला गाव काढायला शिकव. मला वाटलं कागदावर. तर त्यांना ते कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं होतं, ज्यातून माणूस चालत हिंडू शकेल असं. मी वह्या उघडल्या. गाव उठायच्या आधीच्या महिन्यात या माणसानं टेप घेऊन साठेक घरं मापली होती. दारं, खिडक्या, ओटे, विहीर, देवळाच्या पायऱ्या. लोकांना वाटलं सरकारी काम चाललंय, म्हणून कुणी अडवलं नाही, उलट चहा पाजला.

काका शिकले. वर्षभरात शिकले. चिवट माणूस. माऊस धरताना जीभ बाहेर यायची आणि भिंत सरळ आली की आत जायची. हळूहळू घरं उभी राहिली आणि मग वसाहतीत बातमी फुटली. दर रविवारी माणसं आपापलं घर बघायला येऊ लागली, आणि प्रत्येकाला काहीतरी वाढवून हवं होतं. कुणाला गॅलरी हवी, जी त्यानं कधी बांधलीच नव्हती. कुणाला शेजाऱ्याचा संडास चार फूट मागं सरकवून हवा. एक आजी म्हणाल्या, माझी कोंबडी घाल. काका वही उघडायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, वहीत नाय. विषय संपला. आजींची कोंबडी मात्र वहीत निघाली. ओट्यावर बसलेली होती म्हणून तीसुद्धा मापली होती.

या सगळ्या गावात वहीत नसलेली एकच गोष्ट काकांनी काढली, ती म्हणजे त्यांच्या जुन्या घरासमोरचा आंबा. वडिलांनी लावलेला रायवळ. दोघं भाऊ त्याच्याच अंगाखांद्यावर वाढले. तो बिचारा गाव उठायच्या कितीतरी आधी वादळात पडला होता, म्हणजे मापायचा प्रश्नच नव्हता. काकांनी तो आठवून काढला, आणि पान न् पान वेगळं काढलं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काका, झाडाला पानांचं चित्र चिकटवू, लांबून कुणाला कळत नाही. एवढ्या पानांनी मशीन मरेल. तर म्हणाले, दादाला कलेल. तो बगायला आला तर पयलं झाडच बगंल.

तेव्हा मला कळलं की हा सगळा उपद्व्याप एका प्रेक्षकासाठी चाललाय. चैत्रात त्यांच्या गावदेवीची जत्रा असते. विखुरलेलं गाव त्या दिवशी एकत्र येतं, नैवेद्याचा मान दादांचा, म्हणजे दादा येणारच. त्याच दिवशी वसाहतीच्या हॉलमध्ये पडद्यावर गाव दाखवायचं आणि दादांनी ते बघायचं, एवढाच बेत. दादांनी पुढं काय करावं अशी अपेक्षा आहे, हे काकांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आणि मशीन मेलंच. गावातून फिरताना ठीक चालायचं, आंब्याजवळ गेलं की प्रोसेसर तापून कॉम्प्युटर फटकन बंद. मी म्हटलं, आधीच व्हिडिओ करून ठेवू, म्हणजे तापायचा प्रश्न नाही. काकांना ते पटेना. व्हिडिओत माणसं मी नेईन तिकडंच जातील, ज्याला ज्या गल्लीत जायचं असेल त्याला तिथं जाता आलं पाहिजे, तर ते गाव. पंखे लावून झाले, ओलं फडकं झालं, आणि मग त्यांची नजर माझ्या फ्रीजवर गेली.

पहिल्या प्रयोगात त्यांनी पाडलेल्या भोकांतून वायरी बाहेर काढल्या आणि अख्खा कॉम्प्युटर आत ठेवून दार लावलं. पनवेलची हवा ती, तासाभरात दार उघडलं तर आतून थेंब टिपकताहेत. मग तो कॉम्प्युटर दोन दिवस पापडांशेजारी गच्चीवर उन्हात पडला होता आणि काकू दोघांवरचे कावळे हाकत होत्या.

दुसरा प्रयोग कारखान्याच्या पद्धतीनं. फ्रीजमध्ये वीस लिटरची बरणी, बरणीत मिठाचं पाणी. मीठ घातलं की पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, बर्फाच्या लाद्या त्यातच तयार होतात. मीठ त्यांच्या मावसभावाच्या मिठागरातलं. बरणीत कूलरचा पंप, पंपाला दोन नळ्या, त्या माझ्या फ्रीजच्या भोकांतून बाहेर, आणि प्रोसेसरवर तांब्याची चपटी डबी, जिच्यातून ते पाणी फिरणार. डबी काकूंच्या ताम्हनातून कापलेली होती, हे काकूंना संकष्टीला कळलं. नळ्यांवर दव धरायचं म्हणून त्यांना गोधडीच्या पट्ट्या गुंडाळल्या, ती गोधडीही काकूंचीच. कॉम्प्युटरमध्ये खारं पाणी फिरवायचं म्हटल्यावर मी आधी अख्ख्या गावाची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवली. काका म्हणाले, लहान फ्रीजला प्रोसेसरची उष्णता लगोलग खेचता येत नाही, पण रात्रभर थंडी साठवायची आणि दिवसा खर्च करायची, कारखाना असाच चालतो. आणि खरंच, तीन तास मशीन सुरळीत चाललं. आंब्याची पानंसुद्धा हलली. काकांनी प्रोसेसरला उलटा हात लावला आणि डोळे मिटले.

जत्रेच्या दिवशी फ्रीज टेम्पोतून हॉलवर नेला. फ्रीज आडवा करायचा नसतो म्हणून काका वाटभर त्याला मिठी मारून उभे होते. खिडक्यांना चादरी लावल्या, हॉल गच्च भरला. दादा बाहेर मांडवात, पाठ करून बसलेले. फक्त काकांच्या वहिनी आत आल्या, म्हणजे दादांची बायको.

सुरुवात झकास झाली. माणसं ओरडून वाट सांगत होती, इकडं वलव, विहिरीकडं ने, आमच्या दारात थांब. काका नेत होते. कोंबडी दिसल्यावर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी, आणि तीच आजी पदरात तोंड घालून रडायला लागली. मग शेवटची गल्ली आली, समोर आंबा, आणि पडदा काळा.

काकांनी प्रोसेसरला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मिठाचं पाणी इतक्यात तापणं शक्यच नव्हतं. त्यांनी फ्रीज उघडला. बरणीच्या भोवती थंड पेयांच्या बाटल्या, दोन डबे दही, कलिंगडाच्या फोडी, कुणाच्या तरी गजऱ्यांचा पुडा, आणि बरणीला टेकून एक मोठं, झाकलेलं, वाफाळतं पातेलं. चैत्रातलं ऊन, जत्रेची गर्दी, आणि हॉलमध्ये कोपऱ्यात चालू फ्रीज. गावातली वस्तू ती सगळ्यांची, विचारायचं कुणाला? ज्याला जे गार करायचं त्यानं ते आत सारलं होतं.

काकांनी एकेक वस्तू काढून ज्याची त्याला दिली. माणसं ओशाळून घेत होती. राहिलं पातेलं. कुणीच पुढं येईना. मग अंधारातून वहिनी हळूच म्हणाल्या की नैवेद्याची खीर आहे, उन्हात नासली असती. मी पातेलं उचलायला वाकले तर काकांनी माझा हात धरला.

“राहू दे. सात वरसांनी त्या घरातलं काय तरी माज्याकडं आलंय.”

आणि त्यांनी दार लावलं. मी हळू आवाजात सांगून बघितलं की काका, हे पातेलं आत असेल तर झाड दिसणार नाही, आणि झाड नाही तर एवढं सगळं केलंत कशासाठी? ऐकतील तर शपथ. मशीन पुन्हा सुरू केलं, आंब्यापाशी गेलं, बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेपर्यंत माणसं जेवणाच्या वासानं चुळबुळायला लागली होती. मागचे उठले. काकांचा सदरा पाठीला चिकटलेला. मला रागही येत होता आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. नैवेद्याची वेळ झाली म्हणून दादा खिरीचं पातेलं मागायला आले होते. मशीन नुकतंच सुरू झालं होतं आणि पडद्यावर गल्लीच्या टोकाला, लांबून, आंबा दिसत होता. दादा दारातच थांबले. दोन पावलं आत आले. काकांनी मान वळवली नाही, पण माऊसवरचा हात थांबला. हॉलमध्ये सगळ्यांना कळलं, एकेक जण परत खाली बसला.

मग दादा बोलले. “मॅडम, तुमच्या मालकांना सांगा, डावीकडची मोठी फांदी चुकलीय. ती नव्हती.”

मी काकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत मला म्हणाले, “सांग, होती. माज्या डोल्यांसमोर हाय.”

“नव्हती,” दादा म्हणाले. पुढं आले, खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत, थेट टेबलापर्यंत. “तू आठ वरसांचा होतास. ती फांदी घेऊनच खाली आलास. पनवेलच्या दवाखान्यापत्तर तुला पाठीवर नेला मी.”

“मना आठवत नाय,” काका म्हणाले.

“तुला कशी आठवंल? तू बेसुद होतास.”

काकांनी मला खूण केली. मी ती फांदी निवडली आणि काढून टाकली. तिच्याबरोबर झाडाच्या पानांचा तिसरा हिस्सा गेला. मशीनचा घरघराट उतरला. चित्र सरकलं, आंब्याखालून, न अडखळता, सावलीतून पुढं, आणि जुन्या घराच्या दारासमोर येऊन उभं राहिलं.

आता आत न्यायचं. पण काकांनी माऊस जागचा हलवलाच नाही. दादांनी वाकून त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. त्यांनी आयुष्यात माऊस धरलेला नव्हता. चित्र आधी भिंतीवर आपटलं, मग ओट्याखाली घुसलं, मग सगळा पडदा नुसतं आभाळ. हॉल हसत होता, दोघं म्हातारे घामाघूम होऊन दार शोधत होते. वहिनींनी पातेलं बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि सांगितलं की देवी खोळंबलीय, सगळे वाट बघताहेत.

दादांनी माऊसवरचा हात काढला नाही. “थांब जरा,” ते म्हणाले. “आमी घरात जातोय.”